पिंप्राळ्याच्या आंधळ्या भिंतीस दार पाडिल्याची हकीकत

श्री. शके एकोणीसशें पंधरा, चैत्रमासीं, जळगांवनजीक पिंप्राळे येथें एका भिंतीवरोन जो संग्राम जाहला, त्याचें वर्तमान यथास्थित लिहितों, तिखटमीठ चवीपुरतेंच.

धुळ्याचे मगनशेठ, बहुत दिमाखी पुरुष, यांणीं पिंप्राळ्यांत महाबाजार म्हणोन कोट उभारिला. तोंड हमरस्त्याकडे केलें, पुढें स्कूटरांस सिमेंटाचें मैदान सोडिलें, आणि गल्लीकडे नुसती भिंत घातली. ना खिडकी, ना दार, ना टेकावयास ओटा. भिंतीसमोर द्रौपदाबाईंचें किराणा दुकान. तेथें पूर्वीं आगपेटीस आलेली बाई ओट्यावर बसोन एखादी सोयरीक जुळवोन जात असे, तेथें आतां चिटपांखरू फिरकेना. पुरुषमंडळी येत, तीं भिंतीच्या आडोशास. त्यांची खरेदी ती काय असणार! दुकान आखाजीपावेतों, म्हणजे अक्षय्यतृतीयेपावेतों, तगेल ऐसा भरंवसा बाईंस राहिला नाहीं.

मग बाईंनीं शेजारणींशीं खलबत केलें. बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीचे पापड घालावयाचे, दिवस होते, गल्लीचें ऊन भिंतीनें गिळिलें होतें, आणि शेठजींचे मैदानांत ऊन रग्गड होतें. सबब द्रौपदाबाई, कलाबाई आणि समस्त बायका शिजल्या ज्वारीचीं पातेलीं व वाळवणास खाटाबाजा घेऊन सकाळींच चाल करोन गेल्या, आणि मैदानभर बिबडे घातले. दरवाजाचा शिपाई पुना अमळनेरकर लाठी घेऊन धांवला. परंतु वाळवणास धक्का लावणें खानदेशी माणसाच्यानें होईना, मग त्याच लाठीनें कावळे हाकूं लागला. गिऱ्हाइकें आलीं, त्यांस स्कूटर लावावयास जागा मिळेना, मग तीं बाजेशीं ओले बिबडे खात उभीं राहिलीं आणि बाजार ओस पडला.

वर्तमान ऐकोन मगनशेठ फियाटींत बसोन जातीनें दाखल जाहले. बाजा उठवाव्या ऐसा हुकूम ओठांवर आला, तों कलाबाईंनीं ओला बिबडा, वर शेंगदाण्याचें तेल, हातीं दिला. शेठजींनीं संवयीनें खाल्ला, आणि दुसरा मागितला, तेथेंच शिकस्त जाहली. जिच्या हातचें मागोन खाल्लें तीस उठवावें कसें? मग द्रौपदाबाई बोलल्या, "शेठ, तुमना दुकाननी पाठ आमना गल्लीकडे शे. एक दार इकडे पाडा, मंग बठ्ठ्या बाजा उचलसूत."

तह जाहला. आखाजीचे आंत भिंत फोडोन दार पाडिलें, पायरीशीं ओटा बांधिला. नव्या दारांतोन पहिले बाहेर आले ते खुद्द मगनशेठ. दिलजमाई म्हणोन द्रौपदाबाईंपाशीं आगपेटी मागितली, आणि उठले तों भाच्याची सोयरीक पक्की जाहली होती.

येणेंप्रमाणें गल्लीची फत्ते जाहली असे. आडोशाची मंडळी परागंदा जाहली. त्यांचा मुक्काम पुढें कोठें पडला, याचा दाखला मिळत नाहीं.