गळलेल्या त्रेचाळीस ओळी

शोधनिबंध छापून यावा म्हणून यांनी अकरा वर्षं गणित केलं आणि मी एकवीस दिवस गोड सोडलं. (दोन्ही सारखंच अवघड, मला विचारा.)

विसाव्या दिवशी दुपारी यांचा कॉलेजातून फोन. "त्रैमासिकाला वर्डची फाइल हवीय, पाचच्या आत! माझी लॅटेकमध्ये आहे आणि मी परीक्षेच्या ड्युटीवर. तूच बघ आता. निबंध तिसऱ्यांदा परत आला तर मी पुन्हा पाठवणार नाही, सांगून ठेवतो." फोन बंद.

देवाला माझ्याच हातून करून घ्यायचं असेल, असं म्हणून मी नणंदेला फोन लावला. ती छापखान्यात पानं लावते.

"वन्सं, लॅटेक म्हणजे काय हो?"

"पान कसं दिसायला हवं, तेही त्यात अक्षरांनीच लिहितात, वहिनी. दादाच्या कॉम्प्युटरवर रूपांतराचा प्रोग्रॅम आहे. बटण दाबा आणि चहा घ्या. जास्तीचं काही करू नका."

फाइल उघडली आणि मी हरखलेच. उलट्या तिरक्या रेघा, महिरपी कंस, मधूनच अल्फा-बीटा! इकडे नुसतं 'फ्रॅक' लिहिलेलं, तिकडे वर्डमध्ये अख्खा अपूर्णांक उभा. मंत्र म्हणावा आणि देव प्रकटावा तसं. मी चारदा बटण दाबून पाहिलं. (गरज एकदाच होती.) मग चहा घेतला.

इथेच थांबायचं. पण रोज एक पान स्तोत्र वहीत उतरवायचं आणि मुळाशी ओळन् ओळ ताडून पाहायची, हा माझा नेम. एक मात्रा गळली तरी पान पुन्हा लिहिते. त्याच सवयीने ताडून पाहिलं, तर टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणारी एकही ओळ वर्डमध्ये उतरली नव्हती. त्रेचाळीस ओळी! यांची मेहनत मशीनने गिळली होती.

पहिली वाचली: 'इथे गडबड आहे, नंतर बघू.' केवढा नम्रपणा! दुसरी: 'परीक्षकाला कळणार नाही.' विद्वान आपसात असं मोकळं बोलत असतील. पाचाला वीस मिनिटं उरलेली, तेव्हा पुढच्या वाचत बसले नाही. ओळ उचलायची, तळटीप म्हणून चिकटवायची. चार अठ्ठावन्नला हात जोडून फाइल पाठवली.

संध्याकाळी मी सगळं सांगितलं, तशी यांनी फाइल उघडून पाहिली. "अगं, त्या माझ्या माझ्यापुरत्या नोंदी! छापायच्या नसतात म्हणून तर टक्का लावतात!"

"छापायच्या नसतात, तर लिहिता कशाला?"



पुढचे आठ दिवस हे माझ्याशी मिठापुरतं बोलले. मी मुकाट्याने व्रत आणखी एकवीस दिवस वाढवलं. नवव्या दिवशी संपादकांचं पत्र आलं. हे उभ्याउभ्याच वाचू लागले.

"'परीक्षकाला कळणार नाही' ही टीप पाहून परीक्षकांनी ईर्ष्येने निबंध शेवटपर्यंत वाचला. 'इथे गडबड आहे' हे खरं असून ती किरकोळ आहे. निबंध स्वीकारला आहे."

"पावला हो देव!" मी डोळे पुसले. "माझं व्रत फळलं."

"थांब. एक अट आहे." यांनी चष्मा वर सरकवला. "टीप एकोणचाळीस: 'हिने गोड सोडलं आहे, पण चहातली दोन चमचे साखर त्यात धरत नाही.' हे विधान सिद्धतेशिवाय छापता येणार नाही."