उलटी चालली वरात

१९९७ साली नाशकात चार रिव्हर्स गिअरची गाडी माझ्याशिवाय कुणाकडे असेल, तर त्याने पुढे यावं. अजून तरी कुणी आलेलं नाही.

देवळालीतल्या एका बंगल्याच्या शेडमध्ये ती मला सापडली. चाळीस वर्षांची जुनी, परदेशी, तीनचाकी, अंड्यासारखी गोल. दार एकच, तेही समोर, फ्रिजसारखं उघडणारं. मागे स्कूटरएवढं टू-स्ट्रोक इंजिन. आमच्या चौकातल्या फकिरा मेकॅनिकच्या मागे लागून मी ती चालती करून घेतली.

खरी गंमत इंजिनाची. गाडीला वेगळा रिव्हर्स गिअर नव्हताच. इंजिन बंद करायचं, किल्ली आत दाबून फिरवायची, की तेच इंजिन उलटं फिरू लागायचं. मग पुढचे चारही गिअर मागचे! हे मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा सांगितलं होतं, की मला पाहताच मास्तरलोक घंटा व्हायच्या आधीच वर्गावर जायचे.

भाचा बुद्धभूषणचं लग्न ठरलं, तेव्हा मी बहिणीला सांगून टाकलं, ‘‘आशा, नवरदेव माझ्या गाडीतून जाणार.’’

‘‘दादा, घोडा सांगितलाय.’’

‘‘घोड्याला गिअर असतात का?’’

घोडा रद्द झाला. वरातीच्या दिवशी सहा फुटी बुद्धभूषणला आम्ही सतरंजीसारखी घडी घालून आत बसवला. पुढे बँड, मागे नाचणाऱ्या बायका, मध्ये आम्ही. अर्ध्या वाटेवर हॉलमधून निरोप आला, बौद्धाचार्यांना लगेच ओझरला दुसरं लग्न लावायचंय, लवकर या. आणि नेमकं इंजिन बंद पडलं.

मी घाईघाईने किल्ली फिरवायला आणि नवरदेवाचा गुडघा तिच्यावर दाबला जायला एकच गाठ पडली. इंजिन लगेच सुरू झालं. मी पहिला टाकला. गाडी मागे. मागच्या बायका किंचाळत दोन्ही बाजूंना पांगल्या. गिअर चुकला असेल म्हणून दुसरा टाकला. गाडी जोरात मागे.

‘‘मामा, हॉल पुढे आहे,’’ बुद्धभूषण हळूच म्हणाला.

ब्रेक दाबून मी किल्ली हिसडली, तर ती तुटून अर्धी हातात आली. इंजिन फटफटतच होतं. माझी बायको तृप्ती पदर खोचून खिडकीशी आली.

‘‘अहो, काय झालं?’’

‘‘इंजिन उलटं चाललंय. किल्ली तुटली. आता बंद पडलं तर सुरू व्हायचं नाही.’’

तिने गाडीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. ‘‘मग गाडीच उलटी करा की. तोंड घराकडे, पाठ हॉलकडे.’’

चौघांनी गाडी उचलून जागेवर फिरवली. मी मान मोडेपर्यंत वळवून मागच्या काचेतून बघत निघालो. तृप्ती पुढे चालत ओरडत होती, ‘‘डावीकडे घ्या. तुमची डावी नाही हो, माझी!’’

आणि एक झालं. मागून येणाऱ्या बायकांना आता नवरदेवाचं तोंड दिसू लागलं. त्याची आजी झुंबरबाई काचेसमोर येऊन नाचू लागली. ‘‘आजवर वरातीत नवरदेवाची पाठच बघितली,’’ ती म्हणाली. ‘‘आज पोराकडं बघत नाचते.’’ घाबरून गोरामोरा झालेला बुद्धभूषण हसायला लागला. आतल्या आत त्यानेही खांदे उडवले, गाडी डुलू लागली.

हॉलच्या दारात मुलीचे काका हार घेऊन उभे होते. त्यांनी तो मोठ्या आदराने इंजिनाच्या झाकणाला घातला. पण लग्न वेळेवर लागलं.

पुढच्या आठवड्यात चांदवडचे एक गृहस्थ घरी आले. ‘‘मुलाच्या वरातीला तीच मागं चालणारी गाडी पाहिजे. नवरदेव सगळ्यांना दिसला पाहिजे.’’

माझी छाती फुगली. फकिराकडून गाडी दुरुस्त होऊन आलीच होती. नवी किल्ली दाबून फिरवली. गाडी पुढे गेली. पुन्हा फिरवली, पुन्हा पुढे. पाहुणे चुळबुळत उभे. शेवटी मी फकिराला बोलावून घेतलं.

‘‘सर, निर्धास्त राहा,’’ तो हात पुसत म्हणाला. ‘‘तो उलटं चालायचा फॉल्ट मी कायमचा काढून टाकलाय.’’