नेहेतेकाकांचा स्पेन

रविवारी दुपारी आमच्या सोसायटीतून कुणाला स्कूटर बाहेर काढायची असेल, तर आधी नेहेतेकाकांचं जेवण आटोपावं लागे. आणि ते चारच्या आत कधी आटोपत नसे. कारण काका जेवत ते पार्किंगमध्ये. तळमजल्यावरच्या घरातलं सनमायकाचं टेबल स्वतः ओढत बाहेर आणायचं, देशी बदामाच्या झाडाखाली मांडायचं, त्यावर निळ्या चौकड्यांची चादर घालायची, समोरासमोर दोन खुर्च्या ठेवायच्या आणि जग विसरून जेवायला बसायचं. कुणी चावी हातात घेऊन ताटकळत उभं राहिलं, की काका डोळे अर्धवट मिटून म्हणत, "त्रांकिलो, भाई, त्रांकिलो!"

हा स्पॅनिश शब्द. घाई नको, निवांत घ्या, असा त्याचा अर्थ. त्या काळात सुरतेत आमच्या अडाजणच्या गल्लीत जो कुणी राहिला असेल, त्याला हा एक शब्द नक्की येतो. आमच्या गुरख्याला येत होता, रिक्षावाल्यांना येत होता. भाजीवाली मंजूबेन तर दारावर येऊन "क्यां गया त्रांकिलोकाका?" असंच विचारायची.

काका मूळचे जळगावकडचे, उधन्याच्या एका मिलमध्ये मेंटेनन्स बघायचे. मिलच्या शेठने स्पेनमधून जुने माग घ्यायचं ठरवलं आणि ते उघडून तपासायला काकांना पाठवलं. आमच्या सोसायटीतून मुंबईपलीकडे कामाला गेलेला तो पहिला माणूस. काकींनी बरोबर भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि लसणाची शेव एवढी बांधून दिली होती, की विमानात बाकीच्यांनाही पुरली असती.

गेले तेव्हा काका आमच्यासारखेच होते. दहा मिनिटांत जेवून हात धुणारे. परत आले ते असे. सगळं बिघडलं ते तिथल्या एका रविवारी. त्यांच्याबरोबर काम करणारा होसे नावाचा फोरमन त्यांना घरच्या मंडळींबरोबर गावाकडे जेवायला घेऊन गेला. ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे, की मीच जाऊन आल्यासारखं वाटतं.

"मास्तरीणबाई," काका सुरू करत. मी मराठी शाळेत शिकवते, म्हणून मी मास्तरीणबाई. "दगडी घर. तेच हॉटेल. पुढं मांडव, मांडवावर द्राक्षाचा वेल. समोर उतारावर ऑलिव्हची झाडं, चंदेरी. वारा आला की सगळा डोंगर हलतो. आणि त्या मांडवाखाली हे एवढं लांब टेबल. आजी, आजोबा, पोरं, सुना, सगळे एकदम. एकालाही घाई नाही. बोलतायत, खातायत, मध्येच गप्प बसून डोंगराकडे बघतायत. टेबलाखाली कुत्रं झोपलेलं. एक पोरगं आजीच्या मांडीवर झोपलं, तर आजी तशीच जेवतेय!"

"पण तुम्ही काय खाल्लंत?" हा माझा ठरलेला प्रश्न. काका शुद्ध शाकाहारी.

"पावाला टोमॅटो चोळतात आणि वर तेल सोडतात. बस! आणि काय सांगू, वांगी होती. निखाऱ्यावर भाजलेली, सोलून ठेवलेली. म्हणजे भरीतच की आपलं! फक्त मिरची घालायची राहून गेली बिचाऱ्यांची."

दर खेपेला टेबल थोडं लांबायचं, दोन-चार नातवंडं वाढायची, डोंगर जरा जवळ यायचा. मी गॅलरीतून ऐकत असायची. दुपारच्या उन्हात तापीवरून वारा यायचा, डोळ्यांवर झापड यायची, आणि पार्किंगमधल्या बदामाला द्राक्षांचे घोस लागलेले मला चक्क दिसायचे. स्कूटरी मात्र स्कूटरीच राहायच्या.

या सगळ्या थाटात एकच अडचण होती. समोरची दुसरी खुर्ची कायम रिकामी असे.

ती काकींची. काकी आतून गरम पोळी आणत, ताटात टाकत, पुन्हा आत. "अगं, बस की जरा," काका म्हणत. "बसते ना. तुमचं होऊ द्या," काकी म्हणत. त्यांचं चार वाजता व्हायचं आणि काकी मग स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या उभ्या, उरलेलं चार घासांत संपवून भांडी घासायला घ्यायच्या. यात काही जुलूमजबरदस्ती नव्हती. त्यांच्या आईने तसंच केलं होतं, सासूने तसंच केलं होतं. बाईने घरच्यांचं झाल्यावर बसायचं. काकींना ते श्वास घेण्याइतकं सवयीचं होतं.

स्पेनच्या बाबतीतली आणखी एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती. सोसायटीत फोन फक्त आमच्याकडे होता. काका तिकडे असताना एका रविवारी तो खणखणला. मी धावत काकींना बोलावून आणलं. परदेशातून फोन म्हणजे काहीतरी अशुभच, असं धरून काकी रिसीव्हर दोन्ही हातांनी पकडून उभ्या होत्या. तिकडून काकांनी विचारलं, "काय जेवलीस?"

"आँ?"

"आज काय जेवलीस तू?"

"जेवले ना. जेवले जेवले. तुमची तब्येत बरी आहे ना?" आणि फोन कटला. काकी घाबरून खालीच बसल्या. एवढा महागाचा फोन आणि जेवलीस काय? काकांना ताप चढला असणार, यावर आमच्या ह्यांचं आणि काकींचं एकमत झालं.

काका परतल्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांची मुलगी सुनीता आणि जावई नाशिकहून आले, आणि काकांनी जाहीर केलं, "या रविवारी स्पेन." म्हणजे कडोदऱ्याच्या पुढे, बारडोलीच्या वाटेवर, रमणभाई नावाच्या माणसाचं चिकूच्या वाडीतलं हॉटेल. काका आदल्या आठवड्यात जाऊन पाहून आले होते. आम्हालाही आमंत्रण होतं. मॅटाडोर गाडीत निळ्या चौकड्यांची चादर काकांच्या मांडीवर घडी करून ठेवलेली होती.

जागा खरोखरच सुरेख. चिकूंची गर्द सावली, पलीकडे उसाला आलेले तुरे, आणि त्यांवरून जाणारा वारा. चुलीचा धूर झाडांत अडकून राहिला होता. काकांनी वेटरला हात लावू न देता टेबलं जोडली, चादर पसरली, ती अर्ध्यालाच पुरली. टेबलाच्या टोकाशी एक खुर्ची पुसून ठेवली. "ही हिची," ते मला हळूच म्हणाले. "आज ती बसून जेवणार. माझ्या समोर. एवढंच पाहायचंय मला."

पण काकी खुर्चीवर होत्या कुठे? रमणभाईंच्या चुलीपाशी. हॉटेल झालं म्हणून काय झालं, एक बाई एकटी एवढ्या माणसांचं करतेय म्हटल्यावर काकींना बसवणार कसं? आधी त्या तिला वांगी सोलू लागल्या. मग वेटरच्या हातून रोटल्यांची टोपली काढून घेतली आणि आम्हाला वाढायला लागल्या. "बेन, तमे बेसो ने!" रमणभाई हात जोडून मागे फिरत होते. हॉटेलात येऊन वाढायला लागलेलं गिऱ्हाईक त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं.

काकांनी ताट पुढे सरकवलं. "ती बसल्याशिवाय मी घास घेणार नाही."

झालं! काका जेवत नाहीत म्हणून जावई थांबले. जावई थांबले म्हणून आमचे हे थांबले. ह्यांचा हात भरतापर्यंत गेला होता, तो मिशीवरून फिरून परत आला. बाजरीचे रोटले, हिरव्या लसणीतलं वांग्याचं भरीत आणि कढी, सगळं निवत चाललं.

"जेवा ना तुम्ही," काकी टोपली घेऊन उभ्या. "मी मंग बसते."

"नाही."

"काका, ठंडुं थई जशे!" रमणभाई कळवळले.

"होऊ दे."

काकांचा आवाज नेहमीचा नव्हता. त्यांच्या तोंडी त्रांकिलो आलं नाही, तेव्हा मला कळलं की ही गंमत नाही. ते चादरीकडे बघत बोलायला लागले.

"त्या आजीने मला विचारलं होतं. होसेने इंग्रजीत सांगितलं. म्हणाली, तुमच्या बायकोला काय आवडतं खायला? मला सांगताच येईना, सुनीता. सगळं टेबल माझ्याकडे बघतंय. एवढी वर्षं हिच्या हातचं खातोय मी, आणि हिला खाताना कधी पाहिलंच नाही. मग आपलं दडपून दिलं, कढी म्हणून. संध्याकाळी राहवेना, म्हणून फोन केला."

तो फोन मला आठवला.

काकींनी टोपली खाली ठेवली. पदराला हात पुसले. त्या पुसलेल्या खुर्चीच्या अगदी कडेवर, परक्या घरी बसावं तशा बसल्या. काकांनी कढीची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

"कढी नाही आवडत मले," काकी म्हणाल्या. "तुमाले आवडते म्हणून करते."

सुनीता फिसकन हसली, मग सगळेच हसलो. काका हसले नाहीत. ते अगदी गंभीरपणे पुढे वाकले. "मग काय आवडतं?"

काकी विचारात पडल्या. खरंच पडल्या. उसाच्या तुऱ्यांकडे बघत राहिल्या. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता आणि त्यांनी स्वतःलाही विचारला नसावा.

"गरम," त्या शेवटी म्हणाल्या.

"गरम काय?"

"काहीबी. गरम असलं की बस. लहानपणी आय चुलीपाशी बसवून द्यायची, तव्यावरची भाकर. मंग नाही खाल्ली तशी."

रविवारी चारच्या आत खुर्ची न सोडणारे नेहेतेकाका ताटावरून उठले आणि चुलीपाशी जाऊन उभे राहिले. रोटला फुगला तसा त्यांनी तो थेट तव्यावरूनच उचलला. या हातातून त्या हातात झेलत, "आई गं" करत, धोतराचा सोगा सांभाळत ते चिकूंच्या सावलीतून पळत येऊ लागले.

काकींनी तो त्यांच्या हातून घेतला. वाफ निघत होती. एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले.

काका दुसरा आणायला वळले, तेव्हा तोंडात घास असतानाच काकी मागून म्हणाल्या, "सावकाश जा. त्रांकिलो."