एजंटची शाळा घेणाऱ्या गायकवाड मॅडम

नवा माणूस भेटला की आपण विचारतो, "काय करता?" गायकवाड मॅडम विचारतात, "काय करत न्हाईत तुमी?"

मला त्यांनी हे पहिल्याच दिवशी विचारलं. मी गडबडून म्हणालो, "मी भांडी घासत नाही."

"ब्येस! आता तुमाला भांड्याला कुणी सांगणार न्हाई. येतं ते समदेच सांगतात हो सर, येत न्हाई ते कळलं की माणूस नीट कामाला लावता येतो."

पुतणीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी हेच विचारलं होतं. मुलाआधी त्याची आईच पाव तास सांगत राहिली, तो काय काय करत नाही ते. तरी लग्न जमलं. मॅडमच्या मते, म्हणूनच ते टिकलं.

मॅडम लोह्याकडच्या जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या. आमच्या नांदेडच्या छोट्या ऑफिसात त्या आल्या ते रक्तदात्यांची रजिस्टरं वाचायला. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शिबिरांची ती रजिस्टरं, आणि अक्षर असं की लिहिणाऱ्यालाही लागू नये. त्यातून एक यादी करायची होती: नाव, गाव, रक्तगट, फोन. यादीतल्या चुका शोधायला आम्ही एक एआय एजंट ठेवला होता. त्याच्या हाताशी मी चार-पाच लहान साधनं दिली होती. प्रत्येक साधनाला एक वर्णन असतं. एजंट ते वाचतो आणि कुठलं साधन कधी वापरायचं ते ठरवतो. त्याला दुसरं काही दिसत नाही.

मॅडमनी माझी वर्णनं मागितली आणि मोठ्यानं वाचली. "माहिती तपासते. नोंदी तपासते. यादी तपासून दुरुस्त करते." मग चष्मा काढून पोट धरून हसल्या.

"सूर्यवंशी सर, माझ्या वर्गात पाच बालाजी होते. 'बालाजी, ऊठ' म्हणलं तर कोण उठंल? पाचीच्या पाची, न्हाईतर एक बी न्हाई. तुमचा एजंट म्हंजी बदलून आलेला मास्तर हाय. हुशार हाय, पण गाव ठाऊक न्हाई त्याला. त्याला नीट सांगावं लागतं."

मी लातूर पॅटर्नमध्ये घासून निघालेला माणूस. दोन ओळी कशा लिहायच्या हे मला कुणी शिकवावं याचा मला चांगलाच राग आला. मी तशीच चाचणी लावली.

एजंटनं दुरुस्तीचं साधन उचललं आणि तो झपाट्यानं कामाला लागला. बालाजी व्यंकट जाधव नावाच्या दोन नोंदी, गाव एक, फोन एक. एकीत रक्तगट बी पॉझिटिव्ह, दुसरीत रकाना कोरा. त्यानं कोरी नोंद पुसून टाकली. मी टाळी वाजवली. गाव मॅडमच्या शाळेचंच; त्या खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी नोंदीतला नंबर लावला.

"जयभीम! कोण बोलून राहिलं? टेलर बालाजी का बोअरवाला बालाजी? टेलर? मग बोअरवाला कुठंय?"

बोअरवाला बालाजी शेतात होता आणि ठणठणीत होता. भावकीतच दोन व्यंकट, दोघांनी बालाजीला नवस बोललेला, दोघांनाही मुलगा झाला. बोअरवाल्याचा फोन शिबिराआधी विहिरीत पडला म्हणून त्यानं टेलरचा नंबर दिला होता. रक्तगट ओ निगेटिव्ह.

"ओ निगेटिव्ह!" मॅडम ओरडल्या. "अवं, शोधून सापडत न्हाई असा माणूस आपण जित्ता गिळला की!"

मी पुसलेली नोंद घाईनं परत आणली. कुणीतरी दवाखान्याच्या दारात या माणसाला शोधत उभं राहिलं असतं आणि आमची यादी म्हणाली असती, नाही.

पुढचे आठ दिवस मी आयुष्यात कधी केलं नाही इतक्या मजेनं काम केलं. मॅडम सांगायच्या, मी लिहायचो, आणि प्रत्येक वर्णनावर बाजार समितीतल्यासारखा आरडाओरडा व्हायचा. शेवटी ठरलं ते असं: 'हे साधन सारख्या दिसणाऱ्या नोंदी दाखवते. माणूस एकच आहे का, हे याला कळत नाही. हे काहीही पुसत नाही. फोन एक असला तरी माणसं दोन असू शकतात. शंका आल्यास गावात विचारावे.'

पुन्हा चाचणी लावली. एजंट दोन्ही बालाजींपाशी थांबला आणि त्यानं लिहिलं, "गावात विचारावे का?"

"विचारलं! विचारलं त्यानं!" मॅडमनी सगळ्या ऑफिसला पेढे वाटले. एजंटच्या वाटचा मला दिला.

शेवटचं साधन फोन लागतो का ते बघणारं. मॅडमनी सांगितलं: 'हे साधन फक्त फोन लागतो का ते बघते. पलीकडे कोण आहे, हे याला कळत नाही. माणसाने बोलून खात्री करावी. रक्त देणारा नसेल तर नोंद काढावी. रुग्णाच्या नातेवाइकांचा एकही फोन वाया जाऊ नये.'

साधन सुरू केलं. नंबर लागत गेले आणि मध्येच मॅडमच्या पर्समध्ये फोन वाजला. त्यांचा फोन तर समोर टेबलावर होता. माझ्या पडद्यावर नाव होतं त्यांच्या यजमानांचं. गायकवाड सर जाऊन तीन वर्षं झाली होती.

"ह्यांचा नंबर लई जणांकडं हाय," मॅडम हळूच म्हणाल्या. "उमरभर रक्त दिलं. अजून फोन येतात. मी उचलते, दुसरं कुणी शोधून देते. तेवढंच कुणी तरी ह्यांचं नाव घेतं."

"मग राहू द्या ना मॅडम. खाली टीप लिहू."

"न्हाई. यादीत रक्त देणारा पायजे. आता हाय ना तुमची यादी, लोकांना थेट माणूस मिळंल."

मला फार वाईट वाटलं. यादी चांगली झाली की तो फोन वाजायचा थांबणार, हे त्यांना सुरुवातीपासून माहीत होतं आणि तरी त्यांनी ती चांगली केली. नोंद त्यांनी स्वतः काढली. मग खुर्चीत बसून राहिल्या, पर्स मांडीवर घेऊन.

मी बाहेरच्या खोलीत गेलो आणि तो नंबर लावला. दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

"हाव, गायकवाड सरांचाच नंबर हाय. बोला."

"गायकवाड सर आहेत का?" मी विचारलं.

आवाज त्यांनी लगेच ओळखला असणार.

"न्हाईत हो," मॅडम म्हणाल्या. "पण मी हाय की. सांगा."