बंबकाकांची मेणबत्ती

"जन्मभर आग विझवली, आता थोडी लावून बघतो!" बंबकाकांनी घरात जाहीर केलं. "सुगंधी मेणबत्त्या करून विकणार! आगीला माझ्याइतकं कोण ओळखतं?"

काका अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, म्हणून सगळी इमारत त्यांना बंबकाका म्हणायची. निवृत्त झाले ते फक्त कागदावर. मागच्याच महिन्यात त्यांनी जिन्यात शेजाऱ्याची सिगारेट विझवली होती, तीही त्याच्या तोंडात असताना.

"हा शेवटचा उद्योग," काकूंनी बजावलं. "नाही जमला, तर उद्यापासून माझ्या भावाच्या दुकानात बसायचं. माझ्या डोक्यावर नाही!"

भावाचं दुकान शेगड्यांचं. स्वभावही शेगडीसारखाच, दुसऱ्याचं जळलं की याला ऊब. त्या मेहुण्याच्या हाताखाली बसायचं म्हणजे काकांच्या अब्रूचे धिंडवडेच!

काका कामाला लागले. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात मेण. मेण वितळू लागलं तसे त्यांनी पडदे उतरवले, सतरंज्या भिजवल्या, वाळूच्या बादल्या मांडल्या. एवढा बंदोबस्त करून गुलाबाचं तेल घातलं आणि वाती सोडल्या. मेणबत्त्या दृष्ट लागण्यासारख्या झाल्या. पेटवून मात्र एकही पाहिली नव्हती. मन होईना!

संध्याकाळी एका हॉटेलच्या मालकीणबाई माल बघायला आल्या. मेहुणाही आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण असल्या प्रसंगी तो आमंत्रणाची वाट बघत नसे.

"वास छान आहे," बाई म्हणाल्या. "आता ही जरा वेळ जळू दे. धूर झाला नाही, तर माझ्या प्रत्येक टेबलावर तुमचीच मेणबत्ती!"

काकांनी काडी ओढली. ज्योत उभी राहिली. फूः!

"विझली कशी?"

"वारा," काका म्हणाले.

"खिडक्या तर बंद आहेत!"

पुन्हा पेटवली. या वेळी तिच्यावर ओली सतरंजी पडली.

"हात घसरला," काका पुटपुटले.

"दाजी," मेहुणा गोड आवाजात म्हणाला, "सतरंजी हातात घेऊन मेणबत्ती लावायची, ही नवी पद्धत वाटतं?"

शेवटी काकूंनी एक हात धरला आणि मेहुण्याने दुसरा. इतक्या वर्षांत मेहुण्याने दाजींचा हात एवढ्या प्रेमाने कधी धरला नव्हता! बाईंनी स्वतःच काडी ओढली. ज्योत स्थिर झाली, खोलीभर गुलाब दरवळला. काका मात्र घामाने निथळत होते.

"अहो, श्वास सोडा!" काकू घाबरल्या.

"सोडला तर विझेल," काका दातांमधून म्हणाले.

समोरच्या इमारतीतल्या शिक्षिकाबाईंना बिनपडद्याच्या खिडकीतून हे सगळं दिसत होतं. ज्योत, वाळूच्या बादल्या, ओल्या सतरंज्या आणि धडपडणारे बंबकाका. त्यांनी फोन फिरवला. "धावा हो! काका आग विझवायला बघताहेत आणि घरचेच त्यांना धरून ठेवताहेत!"

इकडे मालकीणबाई खुशीत आल्या होत्या. "धूर नाही, काजळी नाही. मला पसंत आहे. उद्यापासून..."

दार धाडकन उघडलं. काकांनीच तयार केलेले जवान पाइप घेऊन आत घुसले आणि पाण्याचा लोट सुटला. मेणबत्ती गेली. मेहुणा सोफ्यामागे गेला. मालकीणबाईंचा अंबाडा सुटून पार पाठीवर आला.

"साहेब, ठीक आहात ना?" जवान ओरडला.

"अहो, सांगा ना त्यांना! मेणबत्ती होती म्हणावं!" काकू किंचाळल्या.

काकांचे हात आता मोकळे होते आणि डोळे भरून आले होते. "शाब्बास पोरांनो! काय वेळेवर आलात! फक्त पाइप जरा खाली धरा. ज्वाळेवर नाही, मुळावर मारायचं. हं, मारा परत!"

साहेबांचा हुकूम. पोरांनी परत मारलं.

मालकीणबाई पदर पिळत निघून गेल्या. जिन्यात त्या जे बोलल्या, ते तीन मजले ऐकू गेलं. इथे ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंबकाका मेहुण्याच्या गल्ल्याशेजारी स्टुलावर बसले होते. पहिलं गिऱ्हाईक आलं, तसा मेहुण्याने दाजींना पुढे ढकललं.

"काका, ही शेगडी चांगली पेटते का हो?"

काकांनी शेगडीकडे बघितलं. खोटं बोलणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"पेटते हो," ते खिन्नपणे म्हणाले. "तेवढा एकच दोष आहे तिच्यात."