मळलेली आठ जॅकेटं

आमच्या सोसायटीपासून समुद्र तासाभराच्या वाटेवर आहे. तरीही समोरच्या फ्लॅटमधले हरेश्वरकाका रोज सकाळी केशरी रंगाचं लाइफ जॅकेट घालून दूध आणायला जातात. पट्टे करकचून आवळलेले, शिट्टी गळ्याशी लोंबतेय आणि हातात पिशवी. सिल्वासात बुडायचंच ठरवलं तर रस्त्यातल्या खड्ड्यांशिवाय दुसरी सोय नाही, असं मी त्यांना एकदा म्हटलं. "इंजिनेर, मानूस कुठं पन बुडतो," काका म्हणाले. मग जिना चढता चढता त्यांनी पिशवीचा कोपरा दाताने फोडला आणि थोडं दूध अंगावरच्या कोऱ्या जॅकेटवर ओतलं. सांडलं नाही, ओतलं. मी दोन पायऱ्या मागेच होतो.

मी मूळचा नाशिकचा. इथल्या एका धाग्याच्या कारखान्यात मशिनरीची देखभाल बघतो. टापटीप हा माझा स्वभाव आहे. बायको, म्हणजे मंजिरी, त्याला आजार म्हणते. नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक दोन वर्षं झाली तरी मी काढलेलं नव्हतं. अशा माणसाच्या दारासमोर देवाने हा शेजारी का आणून ठेवला असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. काका जॅकेटला चहा पाजतात. सायकलच्या चेनचं तेल पुसायला जॅकेटच वापरतात. पंधरा दिवसांनी ते जॅकेट बाल्कनीत टांगतात आणि दुसरं नवं कोरं काढून त्याची दुर्दशा सुरू करतात.

काका डहाणूकडचे. तीस वर्षं तांडेल होते, म्हणजे बोटीवरचे कप्तान. दहा-दहा, बारा-बारा दिवस खोल समुद्रात राहायचे. गुडघ्यांनी संप पुकारल्यावर मुलाकडे सिल्वासाला आले. बोट आता पुतण्या चालवतो. बोटीवरचे आठ खलाशी मात्र समुद्रकाठचे नाहीत, ते इथलेच, सुरंगी आणि रांध्याच्या बाजूचे. त्यामुळे काका कोळीवाडा सोडून आले ते थेट आपल्या खलाशांच्या गावात आले, असंही म्हणता येईल.

त्यांना मोजायची सवय आहे. लिफ्टमध्ये शिरले की डोकी मोजतात. सोसायटीची सहल दुधनीच्या तलावावर गेली होती, तेव्हा नावेत बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर बोट ठेवून त्यांनी तीनदा मोजलं आणि चौथ्यांदा आमच्या सोसायटीच्या चेअरमनना उतरवलं, कारण त्यांच्या जॅकेटचा एक पट्टा सुटा होता. चेअरमन म्हणाले, "अहो काका, तलाव आहे हा." काका म्हणाले, "तलावाला ठावं नाय तो तलाव हाय." शेवटी चेअरमननी पट्टा लावला.

मासळीबाजारात तर त्यांची दहशत आहे. केशरी जॅकेट लांबूनच दिसतं, आणि मासळीवाली सविताबेन शेजारणीला ओरडते, "काका आव्या, ढांक, ढांक!" लगेच पापलेटची पिल्लं गोणपाटाखाली जातात. काका बरोबर गोणपाटच उचलतात. एका रविवारी मी स्वस्तात मिळाले म्हणून बारकी पापलेटं घेऊन येत होतो, आणि जिन्यातच पकडला गेलो. त्यांनी एक पापलेट तळहातावर ठेवलं. ते तळव्यातच संपलं, बोटं उघडीच राहिली.

"आख्खी बालवाडी उचलून आनलीस," ते म्हणाले. "यांच्या आयशींनी अंडी कवा घालायची? पुढल्या साली तू काय दगड खानार काय?"

त्या दिवशी मंजिरीने पापलेटं तळली खरी, पण घास घेताना आम्हांला उगाचच शाळेची घंटा ऐकू येत होती. पुतण्या नवं जाळं घेतो तेव्हा त्याचा तुकडा आधी सिल्वासाला येतो. काका जाळ्याच्या डोळ्यातून काडेपेटी आरपार ढकलतात. गेली तर जाळं पास. बारकी मासळी सुटून जायला हवी, एवढाच त्यांचा हट्ट. पुतण्याचे त्यावर रुसवे-फुगवे होतात, पण जाळं बदलतं.

माझ्याही घरातली एक वस्तू आज खोल समुद्रात आहे. आम्ही संडास नव्याने बांधून घेतला तेव्हा जुनं भांडं गवंडी फोडणार, एवढ्यात काका आडवे आले. "तुमाला घरात दोन-दोन. माज्या आठ मानसांना बारा दिस कायबी नाय. लाटंवर कडेला लोंबकाळून बसतात, एक हात दोराला!" ते भांडं टेम्पोत घालून त्यांनी बंदरावर नेलं आणि पुतण्याच्या बोटीच्या मागच्या अंगाला फळ्यांची खोली करून बसवून घेतलं. आता बंदरात कुणी भेटलं की काका माझी ओळख करून देतात, "ह्ये आमचं संडासवालं इंजिनेर."

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायला तीन आठवडे उरले होते. एका रविवारी काकांची सुरंगीची बस चुकली, म्हणून मीच त्यांना घेऊन निघालो. सीटवरचं प्लास्टिक त्यांच्याखाली करकरलं. "ह्ये कुनाला दाखवाया ठेवलंस?" एवढंच म्हणाले. मला वाटलं, नेहमीची थट्टा.

सुरंगीत पोचलो तर शेताच्या कडेला काकांचे खलाशी उभे होते. बंदीत सगळे गावी येऊन भातलावणीला लागलेले. काकांनी एका पडलेल्या सागाच्या ओंडक्याला दोर बांधला, बाल्कनीतून आणलेली मळकी जॅकेटं खलाशांना आळीपाळीने घातली आणि हुकूम सोडला, "वढा!" चिखलात, समुद्रापासून इतक्या लांब, केशरी जॅकेटं घातलेली माणसं ओंडका ओढतायत, आणि लावणी करणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून खिदळतायत. "काका, मासा लागला का?" एकीने विचारलं. देवजी नावाचा खलाशी म्हणाला, "काका, काखंत टोचतंय." काकांनी लगेच खिशातून कात्री काढली, काखेतला काठ कापला आणि सुईदोऱ्याने शिवून टाकला. "आता वढ." देवजीने ओढलं आणि मान डोलावली.

काकांनी मोजलं. "सात. आठवं तुजं, देवजी. अजून कोरं हाय. तयार करून देतो."

परतताना मी हसत विचारलं, की काका, काख वगैरे ठीक आहे, पण जॅकेटं घाण का करता? ते सीटचं प्लास्टिक बोटांनी चाचपू लागले.

"देवजीचा थोरला भाव व्हता. लखमा. माज्या बोटीवर सहा सालं. आमच्याकडं जॅकेटं व्हती रं. आठच्या आठ. कंपनीच्या पिशवीत, जशीच्या तशी. तपासनी आली का दाखवायची. मळली तं सायेब काय म्हनल, म्हनून मी पेटीत घालून कुलूप लावलं. किल्ली माज्या करदोड्याला." त्यांचा हात कमरेशी गेला. "भर दुपारची येळ. जालं वढताना दोर सुटला. मी वलून मोजलं तं सात."

मी गाडी बाजूला घेतली. काका बाहेर बघत होते. "लय सोदलं. नाय गावला. बंदराला आलो, पेटी उगडली, तं जॅकेटं किती सुंदर दिसत व्हती! एकावर पन डाग नाय." पुढे म्हणाले, "कोरी वस्तू मानूस जपतो, इंजिनेर. मळकी वापरतो."

मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त लाज वाटली. घरी पोचल्यावर पार्किंगमध्येच मी सीटवरचं प्लास्टिक फाडून काढलं. मंजिरीला वाटलं, मला ताप आला.

ताप मला नव्हता, पण दुसऱ्याच दिवशी काकांचा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. बोट निघायला पाच दिवस उरले आणि काका खाटेवर. उशाशी देवजीचं जॅकेट, पिशवीतच. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "तुला कसं सांगू? तू टापटिपीचा मानूस." मी जॅकेट उचललं आणि दुसऱ्या दिवशी तेच घालून कारखान्यात गेलो. गेटवरच्या वॉचमनने सलाम ठोकत विचारलं, "साहब, डॅम का पानी छोड़ रहे हैं क्या?" हाताखालची पोरं मशीनमागे लपून हसत होती. मी जॅकेट घालून बेअरिंग बदलली, जेवलो, जिने चढलो. गळ्याशी घासतंय हे कळल्यावर तिथला काठ मंजिरीकडून वळवून घेतला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी काकांना दाखवायला गेलो. पुतण्या सकाळी जॅकेटं न्यायला येणार होता. सूनबाईंनी दोघांना चहा दिला. काकांनी जॅकेट उलटंसुलटं करायला लावलं, जवळ ओढून निरखलं आणि त्यांचा चेहरा उतरला. चार दिवस मेहनत केली, पण स्वभावाला काय औषध? तेल उडालं की मी पुसत होतो.

"ह्ये अजून कोरंच दिसतंय रं," काका हळूच म्हणाले. "ह्ये पेटीत जाईल."

मी हातातल्या कपाकडे पाहिलं. मग तो वाफाळता चहा, आल्याच्या चोथ्यासकट, छातीवर ओतला. भाजलं. "आई गं!" असं ओरडलोही. तपकिरी ओघळ पट्ट्यांवरून खाली उतरला आणि केशरी कापडात पसरत गेला. सूनबाई फडकं घेऊन धावत आल्या. काकांनी त्यांना हातानेच थांबवलं.

त्यांनी बाल्कनीकडे पाहिलं. तिथे सात जॅकेटं वाऱ्यावर डुलत होती. एकेकावर लांबूनच बोट ठेवत त्यांनी सावकाश मोजलं. मग खाटेवरून वाकून माझ्या छातीवरच्या ओल्या डागावर बोट टेकवलं.

"आठ," काका म्हणाले.