नऊ नंबरच्या घरातली चौदा माणसं

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं आहे, हे कारकुनाला रोज सकाळी टेबलाचा खण उघडताना आठवायचं आणि खण बंद केला की जरा कमी आठवायचं. पत्र खणाच्या तळाशी, अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली होतं. येऊन चार महिने झाले होते. गृहनिर्माण कार्यालयात तो आवक-जावक कारकून होता. आलेलं पत्र एका वहीत नोंदवायचं, गेलेलं दुसऱ्या वहीत. तीस वर्षांत आवकच्या सतरा वह्या भरल्या होत्या आणि जावकची चौथीच चालू होती. "काकांकडे पत्र येतं, जात नाही," अशी साहेब नव्या माणसाशी त्याची ओळख करून देत.

उत्तर लिहायला घेतलंच नव्हतं असं नाही. आठ खर्डे झाले होते. पहिला फार कोरडा वाटला, दुसरा फार लाघवी, तिसरा वाचताना आपण पोलिसांत जबाब देतोय असं वाटलं. बाकीचे पाच त्याने वाचायचं धाडस केलं नाही.

पत्र होतं नऊ नंबरच्या घरातल्या मास्तरीणबाईंचं. कार्यालयाच्या भाड्याच्या घरांच्या त्या इमारतीत सरकारी अनुदानातून काम झालं होतं. वीस घरांच्या भिंतींना आतून जाड थर, दुहेरी काचेच्या खिडक्या आणि घरटी एक नवा हीटर. काम संपून पंधरा दिवस होतात न होतात तोच हे पत्र आलं. पहिलीच ओळ होती, 'माझा हीटर बंदच होत नाही.' कारकुनाने तेवढं पान कसंबसं वाचलं आणि पत्र वर्तमानपत्राखाली गेलं. एकही तक्रार शिल्लक असली तर अनुदानाची फाइल बंद होत नाही, हा नियम त्याला पाठ होता.

आणि फाइल या शुक्रवारी पाचच्या आत बंद व्हायलाच हवी होती. ती बंद झाली तर शेजारच्या इमारतीचं काम सुरू होणार होतं. नाही झाली तर ते अनुदान दुसऱ्या गावाला जाणार होतं. शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कारकून स्वतः राहायचा, थोरल्या बहिणीबरोबर. भाड्याचं ते घरही कार्यालयाचंच, ताईच्या नावावर होतं. कोपऱ्यातल्या भिंतीला बुरशीची लव फुटली होती आणि खिडकीच्या फटींत ताईने जुनी वर्तमानपत्रं कोंबली होती.

"माझ्या खिडक्या कधी लागणार?" ताई रोज विचारायची.

"शुक्रवारी कळेल."

"गेल्या हिवाळ्यातही शुक्रवारच होता."

बुधवारी सकाळी तो शेवटचा अहवाल भरायला बसला. वीस घरांचा विजेचा वापर, कामाच्या आधीचा आणि नंतरचा. आकडे पाहून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं की त्याला भीती वाटायची. अकरा घरांचा वापर तर इतका उतरला होता की घरांना कुलपं असावीत. मग नवव्या ओळीवर संगणकाने लाल रंग दाखवला आणि पुढे सरकायला नकार दिला. नऊ नंबरला वापर चौपट झाला होता.

त्याने अनुदान कार्यालयातल्या बाईंना फोन लावला.

"कारण निवडा," बाई शांतपणे म्हणाल्या. "यादीत नऊ कारणं आहेत."

"पण कारण मला नक्की ठाऊक नाही," खणाकडे न पाहता तो म्हणाला.

"मग जाऊन बघा. चालत दहा मिनिटांवर आहे ना?"

सात मिनिटांवर होतं. कारकुनाला जायला पाऊण तास लागला.

नऊ नंबरचं दार सताड उघडं होतं आणि आतून ऊब जिन्यापर्यंत येत होती. एका खोलीच्या त्या घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. शिंपी खिडकीशी बसून काजं करत होता. निवृत्त पोस्टमन ट्रंकेवर बसून पत्ते पिसत होता. दोघी-तिघी वाटाणे सोलत होत्या, पलंगावर चार पोरं अभ्यासाचं नाटक करत होती. आणि पलंगाच्या कडेला, पायांतले मोजे काढून, ताई बसली होती.

"तू?" कारकून म्हणाला. "तू तर वाचनालयात जातेस ना?"

"वाचनालयात थंडी असते."

मास्तरीणबाई पुस्तकांच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"उत्तर आणलंत?"

"त्याच... त्याच कामात आहे."

"मग ते आल्यावर बोलू. पत्राचं उत्तर तोंडी घ्यायची मला सवय नाही."

"बाईंनी पुस्तकांच्या भिंतीला भोक पाडू दिलं नाही," शिंप्याने हळूच माहिती पुरवली. "म्हणून मिस्त्रीने ती डबी बाहेर जिन्यात ठोकली. खोलीत किती थंडी आहे ते हीटरला सांगणारी. आता जिना कायम गार, त्यामुळे हीटर कायम तापलेला. मग आम्ही म्हटलं, अकरा हीटर जाळायचे कशाला? बसतो इथं. बाईंचं बिल वाटून घेतो."

कारकून खोटं लिहिणाऱ्यातला नव्हता. त्याने सगळ्यांची नावं आणि घर क्रमांक वहीत टिपून घेतले. ताईचं नाव लिहिताना त्याचा हात अडला.

"लिही की," ताई म्हणाली. "मी काय चोरून येते?"

कार्यालयात परतून त्याने यादी तीनदा वाचली. आजारपण नव्हतं. बाळंतपण नव्हतं. 'यंत्रातील दोष' पाहून त्याने डोळेच मिटले, कारण दोष म्हटला की तक्रार आली, आणि तक्रार म्हटली की खण. शेवटच्या 'इतर'ला रहिवाशाचं पत्र जोडावं लागत होतं, म्हणजे पुन्हा खणच. राहता राहिलं तिसरं: 'घरात राहणाऱ्या व्यक्तींची संख्या वाढली.' वाढलीच होती की. किती, म्हणून संगणकाने विचारलं. चौदा, म्हणून त्याने भरलं. चौदा ओळी उघडल्या: नाव, आधीचा घर क्रमांक, नातं. सगळं भरलं तेव्हा लाल रंग गेला. अहवाल आता तपासणीला गेला होता, शुक्रवारी अनुदानवाल्या बाईंनी शिक्का मारला की बंद. त्या संध्याकाळी कारकून कित्येक महिन्यांनी शीळ घालत घरी गेला.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला कार्यालयासमोर रांग होती, मास्तरीणबाई सोडून सगळ्यांची.

घरवाटप विभागाच्या संगणकाने मधल्या गुरुवारी आपलं कर्तव्य बजावलं होतं. एका खोलीत पंधरा माणसं म्हणजे नियमभंग, म्हणून मास्तरीणबाईंना गावाबाहेरच्या मोठ्या घरात हलवायचं पत्र निघालं. बाकीची माणसं त्यांच्याकडे राहायला गेल्यामुळे त्यांची घरं रिकामी धरली गेली, आणि रिकाम्या घरांना खाली करायच्या नोटिसा लागल्या.

"मी मास्तरीणबाईंपेक्षा पाच वर्षांनी मोठा," शिंपी म्हणाला, "आणि इथं मला त्यांचा मुलगा केलंय."

"यादीत 'शेजारी' नव्हतं," कारकून पुटपुटला.

"मग भाऊ करायचा."

"भाऊ पण नव्हता. मुलगा, मुलगी आणि सासू, एवढंच होतं."

"मी सासू आहे," पोस्टमन मागून म्हणाला. त्याचा आवाज फार दुखावलेला होता.

ताई रांग मोडून पुढे आली आणि तिने कागद टेबलावर ठेवला. "वाच. 'भाडेकरू इतरत्र राहण्यास गेल्याने घरातील उरलेल्या इसमाने पंधरा दिवसांत घर सोडावे.' उरलेला इसम म्हणजे तूच ना रे?"

कारकुनाने फोन फिरवला आणि स्पीकरवर टाकला.

"शिक्का बसेपर्यंत कारण बदलता येतं," अनुदानवाल्या बाई म्हणाल्या. "कारण बदललं की नोटिसा आपोआप रद्द. शिक्का बसल्यावर मात्र ब्रह्मदेव आला तरी नाही. मी पाचला बसते शिक्के मारायला. हीटरमध्ये काही दोष आहे का?"

"आहे."

"मग सोपं आहे. कारण सात. रहिवाशाची लेखी तक्रार जोडा आणि तुम्ही काय उत्तर दिलंत ते जोडा."

कारकुनाने टेबलाच्या खणाकडे पाहिलं. साहेब आपल्या खोलीतून बाहेर आले, त्यांनी प्रकार ऐकला आणि त्याच्या कानाशी म्हणाले, "उत्तर दिलं नसेल तर आत्ता लिहा. तारीख चार महिन्यांपूर्वीची टाका. कोण बघतंय?"

"जावक वही बघते," कारकून म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने साहेबांना उलट उत्तर दिलं होतं आणि त्याचं त्यालाच दचकायला झालं.

त्याने खण उघडला, वर्तमानपत्र उचललं आणि पत्र काढलं. ते तो नक्कल काढायच्या यंत्राकडे घेऊन गेला. काचेवर पालथं घालताना त्याला पाठची बाजू दिसली. पाठीवरही मजकूर होता. चार महिने होता.

त्याने तो उभ्या उभ्या वाचला आणि जवळच्या स्टुलावर बसला.

"काय झालं?" फोनवरून बाईंचा आवाज आला.

"ही तक्रार नाही," कारकून म्हणाला. "मी मागचं पान वाचलं नव्हतं."

"वाचून दाखवा."

चारचौघांत मोठ्याने वाचण्यापेक्षा त्याला घर सोडणं सोपं वाटलं असतं. पण समोर ताई उभी होती. त्याने घसा साफ केला.

"'जिना थंड असला की माझा हीटर चालू राहतो, म्हणून मी दार उघडं ठेवते.' इथवर पहिलं पान. मग... 'दार उघडं असलं की शेजारी डोकावतात, आणि डोकावलेला माणूस बसतो. यजमान गेल्यापासून सहा वर्षं या घरात कोणी बसलं नव्हतं. दाराची कडी वाजवून कोणी येत नाही. तरी कृपया डबी हलवू नये. मात्र बसायला जागा पुरत नाही. कार्यालयात जुन्या खुर्च्या असल्यास चार मिळाव्यात. काम छान झालं आहे.'"

शिंप्याने टोपी काढून पुन्हा घातली. पोस्टमन नोटीस उलटीसुलटी करत राहिला.

"कारण नऊ," फोनवर बाई म्हणाल्या. "इतर. रहिवाशाची लेखी विनंती आहे. कार्यालयाची लेखी मान्यता हवी, आज टपालात पडलेली. पोचल्याची नाही, जावक वहीतली नोंद पुरे."

"मान्यता कोण देणार?" कारकुनाने साहेबांकडे पाहिलं.

"द्या हो," साहेब म्हणाले. "माळ्यावर बारा खुर्च्या पडल्यात. माझ्या वतीने तुम्हीच लिहा. मला तुमची ती लांबलचक भाषा जमत नाही."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. कारकुनाने कागद घेतला आणि 'महोदया' लिहून खोडलं.

"खोडू नका," शिंपी म्हणाला.

"फार कोरडं वाटतं."

"उरलेल्या इसमा," ताई म्हणाली, "टपाल पेटी शेवटची पावणेपाचला उघडतात."

त्याने लिहिलं: 'आपलं पत्र चार महिन्यांपूर्वी मिळालं. मी ते आज पूर्ण वाचलं. उशिराचा दोष माझा आहे. डबी आहे तिथंच राहील. चार खुर्च्या सोमवारी पाठवत आहोत.' खाली सही केली. अजून एक वाक्य हवं असं त्याला वाटत होतं, पण पोस्टमनने कागद ओढून घेतला, घडी घातली, पाकिटात सरकवला आणि तिकीट चिकटवलं. चाळीस वर्षांचा हात होता.

कारकुनाने जावक वही उघडून नोंद केली, संगणकात कारण नऊ भरलं आणि मास्तरीणबाईंचं पत्र व ही नोंद जोडली. लाल ओळ गेली, नोटिसा रद्द झाल्या, आणि बाई फोनवर म्हणाल्या, "शेजारच्या इमारतीचे कागद सोमवारी पाठवते." ताईने हे दोनदा वदवून घेतलं.

मग तो ताईबरोबर कोपऱ्यावरच्या टपाल पेटीपाशी गेला. वाटेत ती म्हणाली, "आपल्याकडे मिस्त्री येईल ना, त्याला सांग, डबी जिन्यातच लाव म्हणावं."

"ताई, तो दोष आहे."

"असू दे."

पेटीपाशी त्याने पाकीट दोनदा तपासलं, पत्ता तिसऱ्यांदा वाचला आणि डोळे मिटून सोडून दिलं. आत टप्पकन आवाज झाला. खांद्यावरून चार महिन्यांचं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं.

"झालं एकदाचं," तो म्हणाला.

"झालं कसलं?" ताईने शाल सावरली. "मास्तरीणबाईंना ओळखत नाहीस तू. उलट टपाली उत्तर देतात त्या. सोमवारी येईल बघ."

कारकुनाने पेटीच्या तोंडात हात घातला. मनगटापर्यंतच जात होता.